शिवमूर्तीअप्पांचे पाण्यातले भाडेकरू

लातूरच्या गंजगोलाईतून ज्या गल्ल्या फुटतात, त्यांतल्या एका गल्लीत शिरलं की आधी ठणठण ऐकू यायची आणि मग दुकान दिसायचं. शिवमूर्तीअप्पांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. दारात हंड्यांची उतरंड, आत कळश्या, पराती, घंगाळं, आणि गादीवर स्वतः अप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत जपलेलं, हातात चिंचेचा कोळ लावलेलं फडकं. गिऱ्हाईक असो की नसो, फडकं चालूच. एकदा एक पाहुणा दुकानात बसल्या बसल्या पेंगला, तर अप्पांनी त्याच्या मांडीवरचा पानाचा डबा घासून लख्ख करून परत मांडीवर ठेवला. पाहुणा जागा झाला आणि आपला डबा कुठं गेला म्हणून शोधत बसला.

भांडं विकलं की त्यावर नाव घालायचं काम अप्पा दुसऱ्या कुणाला देत नसत. बारीक छिन्नी, छोटी हातोडी, आणि जीभ किंचित बाहेर काढून टिकटिक टिकटिक. निम्म्या लातूरच्या लेकी-सुनांची नावं त्यांच्या हातची. जावाजावांत परातीवरून भांडण लागलं की दोघी परात घेऊन दुकानात यायच्या. अप्पा परात उजेडाकडं तिरकी धरायचे आणि सांगायचे, "ही तुमची बी न्हाई अन् तिची बी न्हाई. ही तुमच्या सासूची हाय. जा, तिला नेऊन द्या." भांडण तिथंच मिटायचं, कारण दोघींचंही सासूशी पटत नसे.

अप्पांचं वैर एकाच वस्तूशी होतं. प्लास्टिक. समोरच्याच ओळीत बसलिंगप्पा म्हणून त्यांचा लांबचा भाऊबंद सुतळी-बारदानाचा धंदा करायचा. पाऊस रुसायला लागला, बायकांना लांबून पाणी आणायची पाळी आली, तशी त्यानं सुतळी आत ढकलली आणि दारात प्लास्टिकच्या घागरी-बादल्या टांगल्या. लाल, हिरव्या, निळ्या. वारा सुटला की त्या नुसत्या डुलायच्या, आवाज म्हणून नाही. "ज्या भांड्याला आवाज न्हाई त्याला भांडं कसं म्हणावं?" असं अप्पा म्हणायचे. बसलिंगप्पा तिकडून ओरडायचा, "अप्पा, आवाजानं तहान भागती का?"

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. एवढे दिवस उस्मानाबादच्या पोटात असलेलं गाव एकाएकी जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आणि कारकून आले, आणि त्यांना राहायला खोल्या पुरेनात. अप्पांच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मागायला पुष्कळ आले. अप्पा भाड्याचं नंतर बोलायचे, आधी अट सांगायचे. "ह्या घरात मांस-मच्छी चालणार न्हाई. अंडं बी न्हाई. वास बी न्हाई." बरेच जण वासापाशीच परत गेले.

शेषेराव टिकले. पाटबंधारे खात्यातले. आधी नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या कामावर होते, नवा जिल्हा झाला तशी इकडं बदली झाली. माणूस शांत, बायको तारामती बोलकी. दोघांनी अट मान्य केली, लिंबू-सरबत झालं, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. ट्रंका उतरल्या, स्टो उतरला, गादी उतरली. सगळ्यात शेवटी शेषेराव एक काचेची पेटी छातीशी धरून उतरले, आणि त्यांच्या मागं तारामती, हातात झाकण लावलेली लाल बादली. अप्पांनी झाकण उचललं. आत मासे. जिवंत. सोनेरी.

अप्पा दारात आडवे आले. "शेषेराव, मी काय म्हणालो होतो?"

"मासे खायचे न्हाईत म्हणालात, अप्पा."

"मासे चालणार न्हाईत म्हणालो!"

तारामती म्हणाली, "हे कुठं चालून राहिले अप्पा? हे तर पोहून राहिले."

आतून दानम्माकाकूंना हसू फुटलं. दानम्मा म्हणजे अप्पांच्या घरवाली. अंगानं बारीक, बोलणं थोडं, पण जे बोलायच्या ते अप्पांना दिवसभर पुरायचं. त्या बाहेर आल्या, बादलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आत घ्या आधी. जिवाला उन्हात तापवू नका. भांडण सावलीत बी होतंय."

"पण दानम्मा, मासे!" अप्पा म्हणाले.

"शिजवायचे हायेत का?"

"न्हाई काकू," शेषेराव घाईनं म्हणाले. "नुसते बघायचे. हैदराबादेहून आणलेत."

मासा ही नुसती बघायची गोष्ट असते, हे अप्पांना वयाच्या साठीला आल्यावर कळलं. त्यांनी वाट दिली.

मग काय झालं, तर संध्याकाळी दुकान बंद झालं की अप्पा आधी माडीवर. तारामती चहा द्यायची, आणि अप्पा काचेसमोर पाट मांडून बसायचे. पाच मासे होते. लांब शेपटीवाली होती तिला दानम्मांनी नवरी नाव ठेवलं, जाड्याला शेठजी, पोटाला पांढरा ठिपका असलेल्या छोटीला चांदी. उरलेले दोघं सारखेच दिसायचे, म्हणून ते जावाजावा. अप्पांना चांदीचं विशेष. ती काचेपाशी येऊन तोंड उघडायची-मिटायची आणि अप्पा म्हणायचे, "बोलते बघा ही माझ्याशी. शिवशिव म्हणते."

एकच गोष्ट अप्पांना खटकायची. शेषेराव पेटीतलं पाणी कधी पुरतं बदलायचेच नाहीत. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा काढायचे आणि तेवढंच नवीन घालायचे. तेही लगेच नाही. टँकरचं पाणी लाल बादलीत रात्रभर उघडं ठेवायचे, का तर नगरपालिका त्यात पावडर टाकते, तिचा वास उडाला पाहिजे.

"आणि बाकीचं पाणी तसंच?" अप्पांनी विचारलं.

"तसंच."

"म्हणजे शिळं?"

"माशाला शिळंच मानवतं, अप्पा."

अप्पांच्या घरात पहाटे कालचं पाणी उरलेलं चालत नसे. दुष्काळात ते फेकत नसत, सडा-सारवणाला वापरत, पण पिण्याला आणि पूजेला म्हणून रोज भांडं घासायचं आणि ताजं भरायचं. पाहुण्याला शिळं पाणी देणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखंच. अप्पांनी चांदीकडं पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. परगावचे पाहुणे, आणि त्यांना शिळं पाणी.

पुढं तारामतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. तिचं माहेर किनवटच्या अलीकडं, इस्लापूरला. सातवा लागला तशी ती निघाली, आणि शेषेरावांनीही लांब रजा टाकली, कारण तिकडं सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि करणारं कुणी नव्हतं. मासे एवढ्या लांब नेता येईनात. निघताना तारामतीनं काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अप्पा, बाळ घेऊन येईन तेव्हा उंबरा ओलांडला की आधी ह्यांना दाखवीन. माझ्या मनात हाय तसं."

अप्पा म्हणाले, "पोरी, तू निर्धास्त जा. ह्या घरात आजवर जीव गेला न्हाई. एकाला बी धक्का लागायचा न्हाई. शिवाची आण."

शेषेराव जिन्यात थांबून सांगत होते, "चिमूटभरच खाणं घाला, अप्पा. पाणी चौथा हिस्साच. आणि ह्या लाल बादलीतच रात्रभर ठेवा."

"हाव, हाव," अप्पा म्हणाले, आणि रिक्षा गल्लीबाहेर गेल्याबरोबर ती बादली दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, खाली घेऊन आले. "दानम्मा, हे नजरेआड कर. भांडेवाल्याच्या घरात पाहुण्याला प्लास्टिकातलं पाणी? लोक काय म्हणतील?"

दानम्मांनी बादली नजरेआड केली. नजरेआड म्हणजे कुठं, हे अप्पांनी विचारलं नाही.

पहिल्या दिवसापासून अप्पांनी पाहुणचार सुरू केला. चिमूटभर खाणं म्हणजे काय पाहुणचार झाला? मासे काचेपाशी येऊन तोंड उघडायचे, आणि अप्पांचा जीव कळवळायचा. ते कणकेच्या गोळ्या करून घालायला लागले. तुपाचं बोट लावणार होते, पण दानम्मांनी डबा काढून घेतला. आठवडा काही भरला नसेल, पाणी भाताच्या पेजेसारखं दिसायला लागलं. शेठजी कुठं आणि नवरी कुठं कळेना.

"बघितलंस?" अप्पा म्हणाले. "शिळं पाणी. मी म्हणत होतो."

सोमवार होता. अप्पांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि पेटीची साफसफाई काढली. आदल्या संध्याकाळीच त्यांनी घरातलं मोठं तांब्याचं घंगाळ काढलं होतं. दानम्मांच्या लग्नातलं. कडेवर अप्पांच्या वडलांच्या हातचं नाव, दानम्मा. चिंच लावून, राखेनं घासून अप्पांनी ते असं लख्ख केलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पूजेचं पाणी ज्यात भरायचं ते भांडं. टँकरचं पाणी त्यात रात्रभर ठेवलं. पावडरीचा वास उडाला. एवढं शेषेरावांचं ऐकलं.

सकाळी मासे काढून मातीच्या कुंड्यात ठेवले. पेटीतलं जुनं पाणी उपसायला घेतलं तशी दानम्मा म्हणाल्या, "सांडू नका. द्या इकडं, बेलाला घालते." आणि त्या जिन्यानं खाली घेऊन जायला लागल्या. परसात बेलाचं झाड होतं, तेवढंच एक हिरवं उरलेलं.

"माशाचं पाणी बेलाला?" अप्पा थबकले. "ती पानं पूजेला लागतात!"

"शिवाच्या डोईवर गंगा हाय न्हवं? तिच्यात मासे न्हाईत व्हय?"

अप्पांनी काच राखेनं घासली. तळातले बुळबुळीत खडे टोपलीत काढले आणि म्हणाले, "हे बी चांगले धुऊन आण."

"धुवायला पाणी आणू कुठनं? उद्या टँकर आला तर बघू." दानम्मांनी टोपली ओल्या पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवून दिली.

पेटी भरली. काय पाणी होतं! पलीकडं ठेवलेला पेपर वाचता येत होता. मासे सोडले तर सोन्याचे दागिने पाण्यात पडल्यासारखे. अप्पांनी गल्लीतून बसलिंगप्पाला हाक मारून माडीवर आणलं. "बघ. ह्याला म्हणतात पाणी. तांब्यातलं. तुझ्या बादलीतलं न्हवं."

बसलिंगप्पानं वाकून पाहिलं. "बरं दिसतंय. पण हे तोंड वर करून काय करायलेत?"

मासे खरंच पाण्याच्या वर तोंड काढून होते. "शिवशिव म्हणतात," अप्पा म्हणाले, पण त्यांचा आवाज थोडा कमी झाला.

दिवस मावळेपर्यंत शेठजी एका कोपऱ्यात तिरका झाला. जावाजावांचे पंख अंगाला चिकटले. आणि दुसऱ्या दिवशी पूजा करून अप्पा माडीवर गेले तेव्हा चांदी पाण्यावर आडवी तरंगत होती.

अप्पांनी तिला तळहातावर घेतलं. मेलेला मासा हातात घ्यायची त्यांच्यावर आयुष्यात वेळ आली नव्हती. खाली आले, बेलाच्या बुडाशी छोटा खड्डा केला, चिमूटभर विभूती टाकली आणि तिला पुरलं. आंघोळ केली. जेवायला बसले नाहीत.

दानम्मा एवढंच म्हणाल्या, "ज्या घरात कधी मासा शिजला न्हाई, तिथं मासा मेला."

"बोल. तू बी बोल."

आता इलाज काय? इस्लापूरला फोन कुठला. तार करावी, तर तारेत लिहायचं काय? मासे आजारी? पोस्टातला मास्तर हसला असता ते हसला असता, पण पहिलटकरणीच्या घरात तार आली म्हणजे उघडायच्या आधीच रडारड. तारामतीचं तोंड अप्पांच्या डोळ्यांसमोरून हलेना. उंबरा ओलांडला की आधी ह्यांना दाखवीन. आणि वर दाखवायला रिकामी काच. शिवाची आण घेतलेली. राहिलेले चौघं जगले नाहीत तर तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. दानम्मा विरजण लावत होत्या. कोमट दूध, त्यात कालच्या दह्याचा चमचा.

अप्पा म्हणाले, "काय कमी केलं मी? काच घासली. पाणी ताजं. भांडं तर असं की देवाला ठेवावं."

दानम्मा चमचा फिरवता फिरवता म्हणाल्या, "मी दह्याचं गाडगं घासून-पुसून कोरं करते. मग दूध ओतते. लागेल का दही?"

"विरजणाबिगर कसं लागंल?"

"मग शेषेराव सगळं पाणी कधी काढत नव्हते. थोडं जुनं ठेवायचे. मला आपलं वाटलं, ते विरजण ठेवत असतील."

दानम्मांनी गाडग्यावर झाकणी ठेवली आणि घंगाळाकडं हनुवटी केली. "आणि मला सांगा, त्या घंगाळात ताक ठेवलं असतं रात्रभर, तर?"

"खुळी हायेस का? कळकलं असतं. चिंचेनं घासलेलं कोरं तांबं, त्यात ताक?"

हे बोलले आणि अप्पांचा हात कपाळाला गेला. उभं आयुष्य त्यांनी गिऱ्हाइकाला भांडं बांधून देताना हेच सांगितलं होतं. आंबट ठेवू नका, कळकेल, पोरंबाळं ओकतील. तांब्याचा गुण त्यांना ठाऊक होता आणि अवगुणही ठाऊक होता. पण ताक निराळं आणि पाणी निराळं, असं ते धरून चालले होते.

"पण पाणी तर आपण पितोच की तांब्यातलं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"आपण पेलाभर पितो अन् बाहेर येतो," दानम्मा म्हणाल्या. "त्यांचं उठणं-बसणं त्यातच, श्वास बी त्यातच. दिवसभर घंगाळात बसवलं तर तुम्ही बी कळकाल."

अप्पा उठले. "कल्हईची बादली काढू का दुकानातली?" मग त्यांना कल्हईवाल्याचा नवसागर आठवला, डोळ्यांतून पाणी काढणारा तो उग्र वास, आणि त्यांनीच मान हलवली. न्हाई. शेषेराव काय म्हणाले होते? ह्या लाल बादलीतच. ह्या. तेवढ्याच शब्दाकडं आपण कानाडोळा केला.

"दानम्मा, ती बादली आण."

दानम्मा हलेनात. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बादली भरलेली हाय."

"कशानं?"

"त्यांच्याच जुन्या पाण्यानं. समदं बेलाला ओतवलं न्हाई माझ्यानं. रोज तांब्या-तांब्या घालावं म्हणून ठेवलंय."

परसात न्हाणीच्या आडोशाला लाल बादली उभी होती. गढूळ होतं ते तळाला बसलेलं, वरचं पाणी निवळलेलं. पण अप्पांची नजर पाण्यावर नव्हती. बादलीच्या कडीला फडकं गुंडाळलेलं होतं, नीट, दोऱ्यानं बांधून.

"हे काय?"

"कडी रुतते हाताला."

"कधी रुतली तुझ्या हाताला?"

दानम्मा मग बोलल्या. बोलायचं ठरवलं होतं म्हणून नाही, पण आता लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. "टँकरवर नेते मी ही. ते लोक गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. तुम्ही दुकानात असता तेव्हा. पितळी हंडा झेपत न्हाई मला आता. खांदा रात्रभर ठणकतो. गल्लीतल्या समद्या बायका पिसासारख्या बादल्या घेऊन उभ्या, आणि मी तेवढी भांडेवाल्याची म्हणून पितळ वाहू? दोन वर्सं वाहिलं. बोलले का कधी?"

अप्पा त्या फडक्याकडं बघत राहिले. घरात काय आहे आणि काय नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक, असं त्यांना वाटत आलं होतं. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "आधी ह्यांना वाचवू. मग मला काय बोलायचं ते बोल."

चौघांना ओल्या पंच्यात धरून एकेक करून त्या जुन्या पाण्यात सोडलं. पेटीतलं लखलखतं पाणी उपसून सडा-सारवणाला काढलं. बेलाला घातलं नाही. जिन्याखालची टोपली आणली. खडे अजून ओले आणि तसेच बुळबुळीत होते. दुष्काळ नसता तर ते कधीच घासून कोरे झाले असते, आणि जुनं पाणी गटारात गेलं असतं. अप्पांनी मुठीत खडे घेतले, एरवी त्यांना शिसारी आली असती, आणि हलक्या हातानं पेटीच्या तळाला पसरले. "विरजण," ते म्हणाले.

पण भर घालायला पाणी पाहिजे होतं, आणि ते रात्रभर ठेवायला दुसरी बादली. अप्पांनी टोपी घातली आणि निघाले.

गल्ली भर रंगात होती. बसलिंगप्पाच्या दारात चार बायका घागरी वाजवून बघत होत्या, म्हणजे वाजत नव्हत्याच, पण सवय. अप्पांना आपल्या पायरीकडं येताना बघून बसलिंगप्पा गादीवरून उठूनच उभा राहिला.

"दोन बादल्या दे," अप्पा म्हणाले.

"कसल्या, अप्पा?"

"ह्याच. टांगलेल्या."

"प्लास्टिकच्या?" बसलिंगप्पानं हे एवढ्या मोठ्यानं विचारलं की समोरचा पानवाला बाहेर आला. "अव, ह्याला आवाज न्हाई बरं का. नंतर परत घेणार न्हाई मी."

"माहीत हाय. दे."

"आणि दोन कशाला?"

अप्पांना सांगता आलं असतं की दोन्ही माशांना. त्यांच्या ओठांवर ते आलंही होतं. पण ते म्हणाले, "एक माशाला आणि एक घरात. दानम्माचा खांदा दुखतो."

बसलिंगप्पाच्या तोंडात पुढची कोटी तयार होती, ती त्यानं गिळली. दोन चांगल्या जाड बघून काढल्या आणि म्हणाला, "हिरवी न्या वहिनीला. हिची कडी मऊ हाय."

गल्लीतून जाताना लोक बघत होते. अप्पांनी दोन्ही हातांत एकेक बादली धरली होती आणि चेहरा असा ठेवला होता, जसं काही महादेवाच्या पालखीला खांदा दिलाय.

त्या रात्री नव्या निळ्या बादलीत टँकरचं पाणी उघडं राहिलं आणि लाल बादलीत मासे. सकाळी पेटीत आधी जुनं पाणी, मग नवं, तेही थोडं थोडं करत, दिवसभर. पाणी काही पेपर वाचण्यासारखं झालं नाही, किंचित धुरकटच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी नवरीनं शेपटी पसरली. त्याच्या पुढच्या दिवशी जावाजावा एकमेकींच्या मागं लागल्या. शेठजी मात्र बरेच दिवस कोपरा धरून होता, आणि अप्पा दुकानातून मधूनच उठून माडीवर जायचे. एका सकाळी तो काचेपाशी आला आणि त्यानं तोंड उघडलं. अप्पांचा हात कणकेकडं गेला, तिथंच थांबला, आणि त्यांनी चिमूटभरच खाणं टाकलं.

अजून एक गोष्ट झाली. अप्पांनी चुलीत एक खिळा लाल केला आणि हिरवी बादली मांडीवर घेतली.

"काय करताय?" दानम्मा ओरडल्या. "वितळंल ना!"

"हात हलका ठेवतो." घरभर जळका वास सुटला. जीभ किंचित बाहेर काढून अप्पांनी बादलीच्या कडेला अक्षरं उमटवली, घंगाळावर होती तशीच. दानम्मा. "मा"चा काना थोडा ओघळला. टँकरवर बायकांनी ती बादली हातोहात फिरवून पाहिली. पुढं कितीतरी जणी आपापल्या बादल्या घेऊन अप्पांकडं नाव घालायला आल्या, आणि अप्पा "ही काय भांडी हायेत?" असं कुरकुरत खिळा तापवायचे. कधी दानम्मांचा खांदा फारच दुखला तर हिरवी बादली घेऊन तेच टँकरवर जायचे. बायका त्यांना रांगेत पुढं घालायच्या, ते जायचे नाहीत.

बेलाला मात्र आठवड्यातून एकदा माशाचं पाणी मिळत राहिलं. त्या वर्षी आजूबाजूची झाडं काड्या झाली, आणि ह्याला एवढी पालवी की सोमवारी अर्धी गल्ली पानं न्यायला यायची. पाण्याचं अप्पा कुणाला सांगत नसत. विचारलंच तर आभाळाकडं हात करायचे.

तारामती आली ती बाळाचा तिसरा महिना सरताना. रिक्षा थांबली, शेषेरावांनी पिशव्या उतरवल्या, आणि तारामती दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन दारात उभी राहिली. दानम्मांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलीचं तोंड बघायच्या आधी अप्पा पुढं झाले.

"पोरी, वर जायच्या आधी ऐक. तुझे चौघंच हायेत. चांदी गेली. माझ्या हातानं गेली. तू बादली ठेवून गेलीस, मी घंगाळ काढलं. बेलाखाली पुरलीय."

तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेषेराव काही बोलणार होते, तिनं त्यांना हातानं थांबवलं. म्हणाली, "मला वाटलं होतं, एक बी न्हाई राहायचा. ह्या उन्हाळ्यात माणसाला पाणी न्हाई. मी तिकडं रोज ह्यांना म्हणायची, अप्पा पाणी कुठनं आणत असतील." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "चला, दाखवू हिला."

सगळे माडीवर गेले. तिनं मुलीला काचेजवळ धरलं. शेठजी आला, नवरी आली, मागून जावाजावा, आणि चौघंही तोंड उघडायला-मिटायला लागले. मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली. तिचंही तोंड उघडलं.

"भुकेले दिसतात, अप्पा," तारामती म्हणाली.

"भुकेले न्हाईत," अप्पा म्हणाले. "ते तसंच करतात. त्यांच्या नादी लागायचं न्हाई."

खालून दानम्मांची हाक आली. पोरीला आंघोळ घालायला पाणी तापलं होतं, त्यांचं लग्नातलं घंगाळ भरून. अप्पा जिन्यानं उतरले ते आधी दुकानाकडं वळले आणि एक छोटी पितळी वाटी घेऊन आले, कल्हई केलेली, आणि ती मांडीवर धरून छिन्नी चाचपत ओसरीवर बसले.

"तारामती," दानम्मा आतून म्हणाल्या, "हिचं नाव लवकर ठेवा बरं. न्हाईतर हे आजच्या आज काहीतरी कोरून मोकळे होतील."